चौदावी पायरी

‘फक्त’ हा शब्द दिसला की बाई त्यावर काट मारायच्या. लाल पेनाने, पट्टी लावून, शाळेत मारतात तशी. पहिल्याच भेटीत त्यांनी मी लिहिलेली सूचनांची चार पानं छापून आणली होती. त्यात अकरा ‘फक्त’ कापलेले होते, तीन ‘सहज’ आणि एक ‘अर्थातच’.

“‘फक्त हे बटण दाबा’ असं लिहिलंयस,” त्या म्हणाल्या. “ज्याला येतं त्याच्यासाठी ते फक्त आहे. ज्याला येत नाही त्याला वाटतं, एवढं फक्तसुद्धा आपल्याला जमत नाही. मग तो उठून जातो. जाताना सांगतही नाही की जातोय.”

मी हसून घेतलं, पण अंगाचा तिळपापड झाला होता. ही कोण बाई, हिला प्रोग्राम म्हणजे काय ते ठाऊक नाही, आणि ही माझ्या पानांवर लाल पेन चालवते. त्यांना तसं बोलून दाखवलं नाही एवढंच. मोठ्या माणसाशी तसं बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

थोडं मागचं सांगतो. मी सुरतेजवळ हजीऱ्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात आहे. त्याआधी तीन वर्षं कडोदऱ्याला जॅकार्डच्या लूमवर डिझाइनचं काम केलं. जॅकार्ड म्हणजे विणतानाच कापडात नक्षी काढणारं यंत्र. कोणता धागा कधी उचलायचा हे त्याला एका फाइलमधून सांगावं लागतं, आणि ती फाइल बनवणारे प्रोग्राम लहान माणसाला परवडत नाहीत. त्या रागातून मी स्वतः एक प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं ‘धोटा’. तो सगळ्यांना फुकट, आणि त्याची आतली शिवणही, म्हणजे कोड, उघडी. कोणीही बघावी, उसवावी, दुरुस्त करावी. हळूहळू भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडचे पंधरा-वीस जण जमले आणि गट झाला. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही सुरतवाले अडाजणला एका क्लासच्या खोलीत भेटायचो, बाकीचे फोनवरून यायचे.

गटाच्या पानावर सगळ्यात वर माझंच वाक्य होतं: ‘आधी शोधा, मग विचारा.’ त्याचा मला फार अभिमान होता. आम्हा सगळ्यांचं म्हणणं एकच, आम्हाला कोणी शिकवलं होतं? डोकं फोडून शिकलो, तुम्हीही फोडा. कोणी नवखा “सर, हे कसं करायचं?” म्हणून आला की आम्ही त्याला ते वाक्य चिकटवून द्यायचो. बहुतेक जण परत यायचे नाहीत. चाळणी लागली, बरंच झालं, असं आम्हाला वाटायचं.

अशा गटात बाई आल्या. लिंबायतच्या महापालिकेच्या मराठी शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला होता. दुसरीसुद्धा नाही, पहिलीच. हेडमास्तरांनी वरचे वर्ग देऊ केले तर म्हणायच्या, मला पहिलीच द्या. तुम्हीही अशा एखाद्या बाई पाहिल्या असतील. बारीक अंगकाठी, पर्समध्ये आवळासुपारी आणि तीन रंगांची पेनं, आणि समोरचा माणूस कितीही मोठ्या पगाराचा असला तरी त्याच्याशी बोलताना आवाज असा की त्याने आपोआप सरळ बसावं. निवृत्त झाल्यावर त्या कॉम्प्युटर शिकल्या. कशासाठी, तर त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी, आता लिंबायत-उधन्यात संसार करणाऱ्या, घरी बसून साड्यांना खडे चिकटवत होत्या, आणि त्यातल्या एकीने कुठून तरी ऐकलं होतं की धोटा शिकलं तर डिझाइनचं काम मिळतं.

मी काही समजावायला लागलो की त्या हात वर करायच्या. “मी पहिलीची बाई. मला पहिलीतलं सांग.”

एकदा मी माझ्या शुद्ध मराठीची फुशारकी मारत होतो. इंग्रजी शब्द काढून सगळीकडे चांगले मराठी शब्द घातले होते, म्हटलं आता तरी खूश होतील. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “सातव्या ओळीत लिहिलंयस, ‘खिडकी बंद करा.’ काल एक जण उठली आणि घराची खिडकी बंद करून आली. मे महिना, पत्र्याचं घर. घामाघूम होऊन बसली होती बिचारी, म्हणाली, बाई, आता पुढे?” सगळी खोली हसली. बाई हसल्या नाहीत. “ती हसण्यासारखं काही करत नव्हती. तुझं ऐकत होती,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी डॉलरचं झालं. प्रोग्राम चढवताना ज्या ओळी टाइप करायच्या, त्यांच्या आधी डॉलरची खूण छापायची आमच्यात रीत आहे. ती टाइप करायची नसते, हे आम्हाला कळतं, कारण आम्हाला कळतं. बाईंच्या घरी जमलेल्या चौघींनी ती टाइप केली आणि काही चालेना. त्यातली एक म्हणाली म्हणे, “बाई, तुम्ही तर फुकट म्हणाला होतात, मग हे डॉलर कशाला मागतंय?” ती गोष्ट सांगताना मात्र बाईंना हसू आवरलं नाही. पदराने डोळे पुसत त्यांनी माझ्या पानांवरचे सगळे डॉलर एकेक करून कापले.

मग त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं. धोटा अगदी पहिल्यापासून शिकवणारी पुस्तिका, बावीस पायऱ्यांची. त्यांची लिहायची तऱ्हा मी एकदा बघितली. मनीषा नावाची त्यांची विद्यार्थिनी कॉम्प्युटरपुढे बसायची, बाई तिच्या मागे स्टुलावर. बाई एक अक्षर बोलायच्या नाहीत. मनीषाचं बोट जिथे थांबेल तिथे वहीत खूण करायच्या. तिचं बोट थांबलं की ते वाक्य वाईट, मग रात्रभर बसून लिहिलेलं का असेना. पुन्हा लिहायचं, पुन्हा मनीषाला बसवायचं.

मनीषा तिशीची असेल. नवऱ्याच्या उजव्या हाताची दोन बोटं लूमवर गेली होती, तेव्हापासून त्याला कधी काम, कधी नाही. घरात सासू, दोन मुली. घरात सगळं अहिराणीत चालायचं, पण बाईंशी ती शाळेतल्या मराठीतच बोलायची, एक-एक शब्द जपून. मला सर म्हणायची. कडोदऱ्याच्या एका लूमच्या कारखान्यात देखरेख करणाऱ्या मास्तरने तिला सांगितलं होतं की नवरात्रासाठी एक चुनरी करून दे, नीट उतरली तर डिझाइनच्या टेबलावर कायमची बसवतो. पंख्याखालची नोकरी, महिन्याचा पगार. तिच्या घराण्यात अशी नोकरी कोणी केली नव्हती. बाईंनी त्या नोकरीचा असा ध्यास घेतला होता की जणू त्यांचीच मुलगी परीक्षेला बसलीय.

माझं आणि बाईंचं याच काळात वाजलं. मी म्हटलं, “बाई, तुम्ही या बायकांना पांगळं करताय. पायरी पायरी दाखवली की माणूस स्वतः शोधायचं विसरतो. उद्या पायरी हलली की पडणार.”

बाई शांतपणे सुपारीची डबी बंद करत म्हणाल्या, “पहिलीत मी हात धरून अ काढून घ्यायचे. बत्तीस वर्षं घेतले. त्यातलं कोणी आज माझा हात धरून लिहितंय का?”

“आम्ही नाही का आपापले शिकलो?”

“तुला धागा उचलणारा हूक म्हणजे काय हे कोणी सांगितलं रे, कडोदऱ्याला?”

एक म्हातारा मास्तर होता, त्याने मला दीड महिना शेजारी बसवून घेतलं होतं. मी त्याला कधी मोजलंच नव्हतं. बाईंना ते कसं कळलं देव जाणे. बहुधा कळलं नव्हतं, प्रत्येकाचा असा कोणीतरी असतोच हे त्यांना माहीत होतं.

पण त्यांनी भांडण वाढवलं नाही. उलट म्हणाल्या, “तू म्हणतोस ते खरं आहे, पायरी हलली की पडतील. म्हणून एकच मागते. धोट्यात काही बदललंस की आधी मला सांग. मी मनीषाला बसवून तपासून घेईन. बाकी तुझं तू कर.”

“सांगेन की,” मी म्हटलं.

आता ती चौदावी पायरी. जॅकार्डवर कापड पालथं विणलं जातं, चांगली बाजू खाली. म्हणून चित्र आधी आरशात दिसतं तसं उलटं करून द्यावं लागतं, तर कापडावर सुलटं येतं. धोट्यात त्यासाठी ‘पालट’ नावाचं बटण होतं. मनीषाने ते पहिल्यांदा दाबलं तेव्हा पडद्यावर अक्षरं उलटी झालेली बघून ती घाबरली होती, हात मागे घेतला होता. म्हणून बाईंनी लिहिलं: ‘आता पालट दाबा. अक्षरं उलटी दिसतील. घाबरू नका, ती तशीच दिसायला हवीत.’

श्रावणात मी धोट्याची नवी आवृत्ती काढली. लोक पालट दाबायला विसरतात, म्हणून मी ते काम प्रोग्रामकडेच दिलं. फाइल जतन करताना तो गुपचूप आपला आपण चित्र उलटं करणार. पडद्यावर सुलटं दिसणार, फाइलमध्ये उलटं जाणार. बटण काढायचं राहिलं. काढू पुढच्या वेळी, म्हटलं. बदलांच्या यादीत चार शब्दांची एक ओळ टाकली, तीही इंग्रजीत.

बाईंना सांगितलं नाही. का, हे मी स्वतःला शंभरदा विचारलंय. विसरलो म्हणावं तर विसरलो नव्हतो. कंपनीच्या बसमध्ये दोनदा आठवलं होतं. पण मी तर सोपंच केलं होतं ना, त्यात काय सांगायचं, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर मनात कुठेतरी होतं की बघू, बाईंच्या बायका यादी वाचतात का. शोधू द्या जरा.

मनीषाने नवी आवृत्ती घेतली, कारण आम्हीच सगळ्यांना सांगत असतो की नेहमी नवी घ्या. बाईंची पुस्तिका समोर ठेवून तिने चुनरीची नक्षी बसवली. काठाला वेल, मधे गुजराती अक्षरांत ‘जय माताजी’, पुन्हा पुन्हा. चौदाव्या पायरीला तिने पालट दाबलं. पडद्यावर अक्षरं उलटी झाली. पुस्तिकेत लिहिलं होतं, घाबरू नका, ती तशीच दिसायला हवीत. ती घाबरली नाही. तिने फाइल जतन केली, आणि धोट्याने ते चित्र पुन्हा एकदा उलटं केलं. म्हणजे फाइलमध्ये होतं तसं सुलटं, आणि कापडावर उलटं.

नवरात्राची घाई होती. मास्तरने नमुना न विणता सगळा लॉटच लूमवर लावला. चुनऱ्या उतरल्या तेव्हा प्रत्येकीवर मातेचं नाव उलटं आलेलं होतं.

साधं कापड असतं तर चिंध्या करून पुसायला गेलं असतं. पण देवीचं नाव असलेल्या कापडाची चिंधी कोण करणार? शेठ हात लावायला तयार नाही, कामगार त्याच्यावर पाय पडेल म्हणून त्या खोलीत जाईनात. शेवटी गठ्ठे बांधून तापीत सोडले. मास्तरने मनीषाला बोलावून एवढंच विचारलं, “बेन, आ शुं कर्युं?” आणि तिने नोकरीसाठी दाखवायला दिलेली डिझाइनची वही तिच्या हातात परत दिली. ती घरी आली तर सासू उंबऱ्यातच बसली होती. “देवीनं नाव उलटं व्हयनं,” ती म्हणाली, आणि पुढे कितीतरी दिवस मनीषाच्या हातची दिवाबत्ती तिने बंद केली. हे मला बाईंनी सांगितलं, त्यांना गल्लीतल्या दुसऱ्या विद्यार्थिनींकडून कळलं होतं.

गटात याची चर्चा झाली. झाली म्हणजे काय, सगळ्यांना तोंडसुख मिळालं. एकाने लिहिलं, नमुना न विणता लॉट लावतात का कोणी? दुसरा म्हणाला, आंधळेपणाने पायऱ्या चढलं की हेच होणार. मी त्याच दिवशी, जेवायच्या सुट्टीत, जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी ठेवून बघितली. पाच मिनिटांत कळलं. बदल माझा, न सांगणं माझं, राहिलेलं बटणही माझंच. आता लिहावं म्हणून मी फोन हातात घेतला, तेवढ्यात बाईंचा निरोप आला.

‘चूक माझी आहे. चौदावी पायरी मी नव्या आवृत्तीवर तपासली नाही. मनीषाने माझ्या सांगण्याबरहुकूम केलं. तिला कोणी बोल लावू नये.’

तुम्ही म्हणाल, मग तू काय केलंस. मी त्या निरोपावर अंगठा उमटवला. तो पिवळा अंगठा असतो ना, ठीक आहे म्हणणारा, तो. आणि मूग गिळून बसलो.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. “तुझ्या यादीतली ओळ वाचली मी,” त्या म्हणाल्या. त्यांना सगळं कळलेलं होतं. मी काहीतरी पुटपुटायला लागलो. त्या म्हणाल्या, “असू दे. गटात तुझं नाव खराब झालं तर धोटा बंद पडेल, मग बाकीच्या पोरी कुठे जातील? माझ्या नावाला काय होतंय. पण तू मनीषाला एकदा भेट. तिला वाटतंय, तिला काही येतच नाही. नाहीतर वाटतंय, बाईंना येत नव्हतं. तू सांगितलंस तर तिला पटेल.”

“भेटतो, बाई.”

“या रविवारी?”

“या रविवारी.”

त्या रविवारी घरी पाहुणे होते. पुढच्या रविवारी दुसरं काही निघालं. मग दिवाळी आली. कारणं काय, मागाल तेवढी मिळतात. खरं एवढंच होतं की त्या पत्र्याच्या घरात जाऊन, त्या सासूसमोर उभं राहून, चूक माझी होती असं म्हणायची माझी छाती नव्हती. हजीऱ्यात माझ्या हाताखाली नऊ माणसं आहेत आणि मी त्यांना रोज जबाबदारीवर भाषण देतो.

बाई मात्र गेल्या. दोनदा गेल्या. दोन्ही वेळा सासूने दारातूनच सांगितलं की मनीषा घरी नाही. “चपला बाहेर होत्या तिच्या,” बाई मला म्हणाल्या, तक्रारीच्या सुरात नाही, नुसतं सांगितल्यासारखं. मग म्हणाल्या, “पुस्तिका काढून टाक पानावरून. चुकीची पायरी ठेवण्यापेक्षा पायरी नसलेली बरी.”

“दुरुस्त करा ना, बाई. एकच तर पायरी आहे.”

“कोणाला बसवून तपासू?” त्या म्हणाल्या.

मी पुस्तिका काढली. दोन क्लिकचं काम होतं. गटात कोणी विचारलंही नाही की ती कुठे गेली. इचलकरंजीच्या एकाने तर लिहिलं, बरं झालं, आता पान सुटसुटीत दिसतं.

त्यानंतर गटात हळूहळू प्रश्न येईनासे झाले. आधी मला ते चांगलंच वाटलं, सगळे शहाणे झाले म्हणून. मग लक्षात आलं की नवीन माणूसच येत नव्हतं. आम्ही पाच-सहा जण एकमेकांची शिवण तपासत बसलेलो असतो. सगळ्यांना सगळं येतं. कोणी कोणाला काही विचारत नाही.

मार्गशीर्षात बाई आजारी पडल्या. यजमान आधीच गेलेले, मूलबाळ नव्हतं, नंदुरबारहून धाकटी बहीण येऊन राहिली होती. दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा पाठीला उशी लावून बसलेल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. आवाज मात्र तोच, मी खुर्चीत सरळ बसलो.

त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. “मनीषाला भेटलास?”

आता यापुढचं लिहायला माझा हात पुढे होत नाही, पण लिहितो. मी म्हटलं, “हो बाई, भेटलो. सगळं सांगितलं.”

बाईंचा चेहरा खुलला. “काय म्हणाली?”

“येते म्हणाली भेटायला.”

“कधी?”

“एक-दोन दिवसांत.”

मला खरंच वाटत होतं की उद्या जाईन, तिला सांगेन, घेऊनच येईन, आणि मग हे खोटं राहणार नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सर्व्हर बसला. तिसऱ्या दिवशी मी सुटी टाकली, लिंबायतला जायला निघालोही, आणि रिक्षात असतानाच बहिणीचा फोन आला की पहाटे बाई गेल्या.

अश्विनीकुमारच्या स्मशानात जाऊन आल्यावर बहीण मला बाजूला घेऊन म्हणाली, “ताईंची ती मनीषा कोण हो? दोन दिवस त्यांनी शेजारच्या खुर्चीवर पिशवीसुद्धा ठेवू दिली नाही. मी ठेवली की म्हणायच्या, उचल, ती येणार आहे. केस विंचरून घेतले माझ्याकडून.”

मी म्हटलं, त्यांची विद्यार्थिनी.

बाईंच्या वह्या बहिणीने मला दिल्या. सात वह्या आहेत, पानोपानी मनीषाचं बोट कुठे थांबलं त्याच्या खुणा. त्यावरून मी पुस्तिका पुन्हा लिहायला बसलो. महिनाभर बसलो. जमलं नाही. मला येतं ते मला विसरता येत नाही, आणि ज्याला येत नाही तो कुठे अडेल हे मला दिसतच नाही. बाईंना बत्तीस वर्षं रोज सकाळी नव्याने काही न येणाऱ्या मुलांच्या शेजारी बसून ते दिसायला लागलं होतं. मी प्रत्येक वाक्य लिहितो आणि त्यातून काय कापायला हवं ते मला कळत नाही. वह्या टेबलावर तशाच आहेत.

त्याआधी, बाईंच्या तेराव्यानंतरच्या रविवारीच, मी लिंबायतला गेलो होतो. मनीषा घरीच होती. मांडीवर साडी पसरून, शेजारी गोंदाची बाटली आणि खड्यांची थाळी घेऊन बसली होती. सासू आत होती. मनीषाने मला बसायला सांगितलं, पाणी आणून दिलं. बाई गेल्याचं तिला ठाऊक होतं, गल्लीत कोणीतरी सांगितलं होतं. अंत्यदर्शनाला ती गेली नव्हती.

मी सगळं सांगितलं. आवृत्ती, बटण, ती इंग्रजीतली ओळ, बाईंना कळवलं नाही ते, आणि त्यांनी माझी चूक स्वतःवर घेतली ते. ती खडा चिमटीत धरून ऐकत होती.

“म्हणजे पायरी बरोबर होती?” तिने विचारलं.

“बाईंनी लिहिली तेव्हा बरोबर होती. मी खालून काढून घेतली.”

“आणि मी पण बरोबर केलं होतं?”

“अगदी बरोबर केलं होतंस.”

“बाई दोनदा आल्या होत्या,” ती म्हणाली. “मी आतच होते, सर. मला वाटलं, यांना स्वतःला येत नव्हतं तर मला का बसवलं. मी सासूला म्हटलं, नाही म्हणून सांगा.” मग विचारलं, “त्यांनी माझं नाव काढलं होतं का, शेवटी?”

एवढ्या दिवसांत निदान हे तरी खरं सांगायचं मी ठरवून आलो होतो. मी म्हटलं, “तू येणार म्हणून त्या वाट बघत होत्या. मी त्यांना सांगितलं होतं की तू येतेयस. दोन दिवस त्यांनी शेजारची खुर्ची रिकामी ठेवली होती.”

मनीषाने चिमटीतला खडा परत थाळीत ठेवला. माझ्याशी ती कधी घरची बोली बोलली नव्हती, तिला तिचं भानही राहिलं नसावं.

“माले कोनी सांगंच नही, सर,” ती म्हणाली.